तीन एटीएम कार्डांएवढी भिंत आणि लेसरचा डाग

पाकिटातली तीन एटीएम कार्डं काढा, एकावर एक ठेवा आणि चिमटीत धरा. जाडी साधारण सव्वादोन मिलिमीटर भरते. हृदयाच्या डाव्या अलिंदाची, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याची भिंत याच्याच आसपास असते. कुठे दीड कार्ड, कुठे पाच. ही भिंत आतल्या बाजूने भाजायची आहे, आणि आरपार भाजायची आहे, कारण अर्धीकच्ची राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. पण भिंतीच्या मागे काही ठिकाणी अन्ननलिका अगदी चिकटून बसलेली असते. तिला धग लागता कामा नये. भाजणारा डॉक्टर जांघेतल्या शिरेतून घातलेल्या लांब नळीच्या दुसऱ्या टोकाशी उभा असतो, आणि इकडे हृदय धडधडतच असतं.

लेसरने ऊती भाजणं सोपं आहे. किती खोल भाजली हे ठरवणं, आणि ठरवलेलं पाळणं, हे अवघड. लेसर कॅथेटर अ‍ॅब्लेशनमधला, म्हणजे नळीतून (कॅथेटर) लेसर आत नेऊन ऊती भाजण्यातला, हा एवढाच प्रश्न आज उलगडून बघू.

आधी हा खटाटोप कशासाठी ते थोडक्यात. एट्रियल फिब्रिलेशन या आजारात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. छातीत धडधडतं, दम लागतो, आणि कप्प्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास छापला. थरथर सुरू करणाऱ्या विजेच्या ठिणग्या कुठून उठतात ते त्यांनी शोधलं, तेव्हा ९४ टक्के ठिणग्या फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांमधून निघत होत्या. अशा शिरा बहुतेकांना चार असतात. त्यावरून उपाय सुचला: प्रत्येक शिरेच्या तोंडाभोवती मेलेल्या पेशींचं कडं तयार करायचं. मेलेली पेशी वीज पुढे नेत नाही, त्यामुळे ठिणगी शिरेतच अडकून पडते. कोकणातल्या भातखाचराचा बांध डोळ्यांसमोर आणा. बांध तीनशे साठ अंश हवा, आणि खालपर्यंत हवा. खेकड्याचं एक बीळ राहिलं तरी पाणी पलीकडे जातंच.

भाजलेल्या या ठिपक्याला डॉक्टर ‘लेजन’ म्हणतात. मराठीत त्याला जुना आणि नेमका शब्द आहे: डाग. गुरांना तापलेल्या सळईने डाग देत, सुश्रुतसंहितेत अग्निकर्म आहे, आणि मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याने चटके देण्याची ‘डंबा’ ही भयंकर प्रथा अजून पुरती गेलेली नाही. हे अभिमानाने सांगत नाही. सांगायचं एवढंच की लोखंडाने डाग देणाऱ्याला कातडीवरचा व्रण दिसतो, आत धग कुठवर गेली ते दिसत नाही. लेसर हातात घेतलेल्या हृदयतज्ज्ञाची मूळ अडचणही हीच आहे. त्याला पृष्ठभाग दिसतो, खोली दिसत नाही. फरक असा, की न दिसणारी ही खोली आकड्यांत पकडायचा प्रयत्न गेली चाळीसेक वर्षं चालू आहे.

सुरुवात फारच रांगडी होती. १९८२ साली सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी कॅथेटरच्या टोकातून हृदयात थेट डीसी शॉक देऊन विजेची वाट तोडली. काम झालं, पण शॉक म्हणजे एक छोटा स्फोटच. डाग केवढा पडेल यावर हुकमत जवळजवळ नव्हती. मग रेडिओलहरींनी भाजणारे कॅथेटर आले आणि जगभर तेच सर्वांत जास्त रुळले. लेसर या वाटेला समांतर चालत राहिला. ऐंशीच्या दशकात उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत तो वापरून झाला. जर्मनीत म्युनिकचे हेल्मुट वेबर यांनी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर कॅथेटरमधून हृदयात नेण्यावर अनेक वर्षं काम केलं. प्रत्यक्ष बाजारात जास्त पोचला तो मात्र अमेरिकेतल्या मार्लबरोच्या कार्डिओफोकस कंपनीचा लेसर बलून, ‘हार्टलाइट’. एप्रिल २०१६ मध्ये त्याला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. पुढची बहुतेक उदाहरणं या बलूनचीच घेतो, कारण त्याची कामाची रीत आणि आकडे बरेच छापलेले आहेत.

रचना अशी. कॅथेटरच्या टोकाला मऊ पारदर्शक फुगा. तो ९ पासून ३५ मिलिमीटर व्यासापर्यंत फुगतो आणि शिरेच्या तोंडात बुचासारखा बसतो. फुग्याच्या आत बारीक एंडोस्कोप असतो, म्हणजे डॉक्टरला पडद्यावर शिरेचं तोंड आतून दिसतं. फुगा जिथे भिंतीला नीट टेकला तिथे पांढुरकं, जिथे फटीत रक्त आहे तिथे लाल. शेजारी लेसरचा फायबर. तो प्रकाशाचा ३० अंशांचा कंस भिंतीवर टाकतो. भाजणारा प्रकाश ९८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. म्हणून नेम धरायला हिरव्या प्रकाशाचा कंस वेगळा दाखवतात. फुग्यात पाणी भरलेलं असतं, पण साधं नव्हे. जड पाणी. आपल्याकडे जड पाणी म्हटलं की अलिबागजवळच्या थळचा कारखाना आणि अणुभट्ट्या आठवतात. इथे त्याचं काम वेगळंच आहे. ९८० नॅनोमीटरचा प्रकाश साधं पाणी बऱ्यापैकी शोषतं. फायबरपासून भिंतीपर्यंत सेंटिमीटरभर साधं पाणी असतं तर प्रकाशाचा मोठा हिस्सा वाटेतच खर्ची पडला असता आणि फुगा गरम झाला असता. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम असतो. त्यामुळे रेणूची थरथरण्याची लय बदलते आणि हा प्रकाश त्यातून फारसा न अडता पार होतो. जड पाणी किरणोत्सारी नसतं, एवढं घाबरणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

आता प्रकाश भिंतीत शिरला. इथून डागाची खरी गोष्ट सुरू होते, आणि इथेच बहुतेकांची समजूत चुकते. वाटतं की लेसर म्हणजे सुई: जिथवर किरण गेला तिथवर भाजलं. हृदयाचं मांस काचेसारखं नसतं. आत शिरताच प्रकाश विखुरतो, धुक्यात गाडीचे दिवे विखुरतात तसा. काही मागे फिरतो, काही बाजूला पसरतो, आणि खोल जाईल तसा झपाट्याने मंदावतो. तरंगलांबी बदलली की ही खोलीही बदलते. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश पाणी ९८० च्या मानाने एक तृतीयांशाहूनही कमी शोषतं, म्हणून तो मांसात आणखी आतवर ऊर्जा पोचवतो. खालच्या कप्प्याची सेंटिमीटरभर जाड भिंत भाजायची असेल तर हे सोयीचं. तीन कार्डांच्या भिंतीला इतकी हाव बरी नव्हे.

पण प्रकाश कितीही खोल गेला तरी पेशी प्रकाशाने मरत नाही. ती मरते उष्णतेने. प्रकाश शोषला गेला की तिथे ऊब तयार होते आणि मग ती ऊब स्वतःच्या पायांनी पुढे चालू लागते. हृदयपेशी काही सेकंदांत कायमची मरायची तर साधारण ५० अंश सेल्सिअस लागतात. म्हणजे डागाची हद्द ही किरणाची हद्द नसून ५० अंशांची सीमारेषा आहे. या रेषेच्या आत पेशी मेल्या. रेषेच्या बाहेर ४५-४८ अंशांच्या पट्ट्यात त्या नुसत्या बधिर झाल्या. या बधिर पेशी पुढे फार छळतात. त्यांच्याकडे परत येऊ.

ऊब किती वेगाने चालते? मांसातून ती फारच रेंगाळत जाते, आणि तिचा एक विचित्र नियम आहे: दुप्पट अंतराला चौपट वेळ. ढोबळ हिशेब केला तर एक मिलिमीटर जायला दोनेक सेकंद, दोन मिलिमीटरला सात, तीनला सोळा, चारला अठ्ठावीसच्या आसपास. लेसर बलूनच्या पहिल्या पिढीत एका जागी द्यायचा वेळ दोन मिनिटं किंवा दोन सेकंद न ठरता बहुधा २० ते ३० सेकंद का ठरला, याचं उत्तर बरंचसं या आकड्यांतच आहे. तीन-चार मिलिमीटरची भिंत आणि वीस-तीस सेकंद यांची जोडी निसर्गानेच लावून दिलीय.

इथे वॅट आणि ज्यूल यांच्यात एक मजेशीर भानगड आहे. बलूनच्या पहिल्या पिढीत डॉक्टरपुढे एक छोटं कोष्टक असे: ५.५ वॅट ३० सेकंद, ७ वॅट ३० सेकंद, ८.५ वॅट २० सेकंद, १० वॅट २० सेकंद, १२ वॅट २० सेकंद. वॅट गुणिले सेकंद म्हणजे ज्यूल. पहिल्या पर्यायात १६५ ज्यूल, तिसऱ्यात १७०. जवळपास सारखेच. मग डागही सारखा पडावा ना? नाही पडत. कारण ऊब आत येत असतानाच बाहेरही गळत असते. फुग्यातलं फिरतं पाणी पृष्ठभाग थंड ठेवतं, भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या आपापला वाटा उचलतात, पलीकडची ऊती थंडच असते. तळाला भोक पडलेली बादली धारेखाली ठेवली तर बारीक धारेने ती कधीच भरत नाही, मोठ्या धारेने भरते. नळातून आलेलं एकूण पाणी दोन्ही वेळा सारखं असलं तरी. म्हणून नुसते ज्यूल सांगून डागाचा आकार सांगता येत नाही. सावकाश दिलेले ज्यूल आणि झटक्यात दिलेले ज्यूल हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

आणखी एक गोम आहे ती फुग्याच्या आकाराची. प्रकाशाचा कंस ३० अंशांचा, हे ठरलेलं. पण २५ मिलिमीटर व्यासाच्या फुग्यावर ३० अंश म्हणजे साडेसहा मिलिमीटर लांबीचा पट्टा, आणि ३५ मिलिमीटरच्या फुग्यावर नऊ मिलिमीटरांहून थोडा जास्त. वॅट तेच, पण ते चाळीस टक्के जास्त लांब पट्ट्यावर पसरले. एक गोळा लोणी एका पोळीला लावा किंवा दीड पोळीला. कोष्टकातला आकडा न बदलताही डाग उथळ होऊ शकतो तो असा. मोठ्या तोंडाची शीर म्हणून फुगा जास्त फुगवला, तर दिलेली मात्रा नकळत पातळ झालेली असते.

या सगळ्यात मांस गप्प बसून भाजून घेत नाही. भाजता भाजता ते बदलतं, आणि बदललं की प्रकाशाशी त्याचं वागणंही बदलतं. अंडं तव्यावर फोडलं की पांढरा भाग आधी पारदर्शक असतो आणि मग पांढराशुभ्र होतो, तसंच इथेही. पांढरी झालेली ऊती प्रकाश जास्त विखुरते आणि परत पाठवते, त्यामुळे खाली कमी पोचतो. हा आपोआप लागणारा ब्रेक आहे, आणि तो बऱ्याचदा उपकारकच ठरतो. पण भाजणं आणखी पुढे गेलं, पृष्ठभाग करपून काळा पडला, की सगळं उलटतं. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश तिथेच गिळतो, तिथलं तापमान भडकतं, भडकलं की आणखी करपतं. खोलीत काही जात नाही आणि वर मात्र कोळसा. ब्रेकच्या जागी अ‍ॅक्सिलेटर, तोही अडकलेला.

या करपण्याचं सर्वांत सोपं निमित्त म्हणजे रक्त. फुगा आणि भिंत यांच्यातल्या फटीत रक्ताचा पातळ थर राहिला तर तो प्रकाश शोषतो, तिथेच साकळतो, जळतो आणि फुग्यालाही भोक पाडू शकतो. म्हणून पडद्यावर लाल दिसलं की डॉक्टर कोष्टकातल्या सर्वांत खालच्या ओळीवर उतरतात: ५.५ वॅट. किंवा फुगा हलवून, थोडा जास्त फुगवून आधी लाल जागा पांढरी करून घेतात. वेबर यांच्या कॅथेटरने हा प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सोडवला होता. त्यात टोकाशी सलाइनची धार सतत चालू असते. ती रक्त बाजूला सारते, पृष्ठभाग गार ठेवते, आणि १०६४ चा प्रकाश त्या सलाइनमधून फारसा न अडता मांसात जातो.

पृष्ठभाग गार ठेवण्याचा एक छुपा तोटाही आहे. वरून गार, आतून गरम असं झालं की सर्वांत तापलेली जागा पृष्ठभागाच्या एक-दोन मिलिमीटर खाली सरकते. पृष्ठभाग बघून वाटतं सगळं ठीक आहे. आत मात्र १०० अंश गाठले गेले की पाण्याची वाफ होते, वाफेला जागा हवी असते, आणि ती भिंत फोडून बाहेर येते. साबुदाणा वडा तेलात फुटतो, अगदी तसंच. वरून सोनेरी, छान, आणि अचानक फट्. इंग्रजी बोलणारे डॉक्टर याला ‘स्टीम पॉप’ म्हणतात. स्वयंपाकघरात फार तर हातावर तेल उडतं. हृदयात भिंतीला भगदाड पडून हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचू शकतं.

आणि लेसर बंद केला की भाजणं थांबतं, असंही नाही. कुकर उतरवल्यावर भात वाफेवर मुरतो ना, तशी ऊब काही सेकंद आत मुरत राहते. मागच्या भिंतीवर काम करताना अन्ननलिकेत तापमापक सोडून ठेवतात, आणि आकडा ३८.५ किंवा ३९ च्या आसपास आला की लेसर थांबवतात. आता ३९ अंश म्हणजे साधा ताप, त्याने अन्ननलिकेला काय होणार? काहीच नाही. पण आकडा आणखी चढणार आहे हे ठाऊक असतं. शिवाय तापमापक अन्ननलिकेच्या पोकळीत असतो, सर्वांत तापलेली बाजू भिंतीकडची असते, म्हणजे तो दाखवतो त्याहून खरी गोष्ट गरमच. अन्ननलिका आणि अलिंद यांच्यात आरपार वाट पडण्याची गुंतागुंत फार दुर्मीळ, पण झाली तर बहुधा जीवघेणी. दीड अंश चढला म्हणून हात आखडणारा डॉक्टर भित्रा नसतो.

अशा सगळ्या अडचणींतून शिरेभोवती एक अखंड कडं पूर्ण करायचं. ३० अंशांचे बारा कंस म्हणजे वर्तुळ पूर्ण, असा कागदावरचा हिशेब. पण कंसाच्या कडांना डाग उथळ असतो, म्हणून पुढचा कंस आधीच्यावर तीस ते पन्नास टक्के चढवतात, कौलं एकमेकांवर चढवतात तशी. निम्मा चढवला तर बाराचे चोवीस होतात. प्रत्येकी २० सेकंद धरले तर एका शिरेला नुसता लेसर ८ मिनिटं, आणि शिरा चार. मधे फुगा सरकणार, रक्त येणार, फायबरच्या दांड्याची सावली पडलेली जागा उघडी करायला सगळं फिरवावं लागणार, ते वेगळंच. उजवीकडच्या शिरांजवळून फ्रेनिक नस जाते. ती श्वासाचा पडदा हलवते. तिला धग लागतेय का हे बघायला नसेला मुद्दाम विजेचे झटके देऊन श्वासाचा पडदा उडवत ठेवतात आणि रुग्णाच्या पोटावर हात ठेवून ती उडी मोजत बसतात. इतक्या महागड्या यंत्रांच्या गर्दीत शेवटचा सेन्सर कोण, तर कुणाचा तरी तळहात. मला हे दृश्य आवडतं.

मग प्रश्न येतो: एवढं करून डाग आरपार गेला का, हे जागच्या जागी कळतं का? सरळ कळत नाही. रेडिओलहरींच्या कॅथेटरमध्ये निदान आडून कळण्याच्या बऱ्याच युक्त्या आहेत. टोक भिंतीवर किती ग्रॅम दाबलंय ते मोजता येतं, भाजताना विजेला होणारा अडथळा घटतो तो बघता येतो, आणि दाब, वेळ, शक्ती यांचं मिश्रण करून ‘अ‍ॅब्लेशन इंडेक्स’ नावाचा एक आकडाही निघतो. बेल्जियममधल्या ब्रुजच्या डॉक्टरांनी नियम घालून दिला: मागच्या भिंतीवर ४००, पुढच्या जाड भिंतीवर ५५०, आणि शेजारच्या दोन ठिपक्यांत ६ मिलिमीटरांहून जास्त अंतर नको. लेसर बलूनला दाबाची गरज फारशी नाही. प्रकाशाला स्पर्श लागत नाही, वाट मोकळी असली की पुरे. पण दाब नाही म्हणजे दाबाचा आकडाही नाही. वेबर यांच्या कॅथेटरच्या टोकाशी इलेक्ट्रोड असल्याने भाजताना स्थानिक विजेची लाट बुटकी होत जाताना दिसे, आणि ती सपाट झाली की थांबायचं, ही चांगली सोय होती. बलूनमध्ये मात्र कडं पूर्ण करून, मग गोल इलेक्ट्रोडचा कॅथेटर शिरेत घालून बघायचं, वीज पलीकडे जातेय की नाही. आधी शिजवायचं, मग शीत दाबून बघायचं.

मेंदूतल्या गाठी लेसरने भाजणाऱ्यांचा मला थोडा हेवा वाटतो. तिथे रुग्ण एमआरआयमध्येच असतो आणि एमआरआय दर काही सेकंदांनी तापमानाचा नकाशा काढून देतो. ५० अंशांची रेषा पडद्यावर पसरताना दिसते. हृदय एका जागी थांबत नाही, म्हणून तिथे हे फार कठीण. एक वेगळी वाट जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी चोखाळली. जिवंत हृदयपेशीत एनएडीएच हा रेणू असतो. त्यावर अतिनील प्रकाश टाकला की तो निळसर चमकतो. भाजून मेलेल्या पेशीत ही चमक जाते. म्हणजे त्याच फायबरच्या शेजारून जरासा प्रकाश टाकून विचारायचं, ‘आहेस का रे?’ उत्तर आलं नाही तर डाग पडला. कल्पना सुंदर आहे, पण रोजच्या कामात रुळलेली नाही.

पहिल्या पिढीतल्या बलूनची सर्वांत मोठी चाचणी २०१५ साली छापून आली. ३५३ रुग्ण. निम्म्यांना लेसर बलून, निम्म्यांना रेडिओलहरी. वर्षभरानंतर लेसरच्या गटात ६१.१ टक्के लोक आजारमुक्त, दुसऱ्या गटात ६१.७ टक्के. बरोबरीच. फरक गुंतागुंतीत होता: शीर अरुंद होण्याचं प्रमाण लेसरमध्ये शून्य आणि रेडिओलहरींत २.९ टक्के, तर फ्रेनिक नसेला इजा लेसरमध्ये ३.५ टक्के आणि रेडिओलहरींत ०.६ टक्के. माझ्या मते हे आकडे डागाच्या भाषेतच वाचायला हवेत. शिरेचं तोंड डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे डाग आत घसरत नाही, म्हणून शीर अरुंद होत नाही. आणि फुगा बुचासारखा बसून तोंड ताणतो, नसेच्या जवळ सरकतो, थंड करणारा रक्तप्रवाहही थांबवतो, म्हणून नसेला धग पोचते. पृष्ठभागावर नजर उत्तम, खोलीवर अंदाज. दोन्ही निकालात उतरले.

पुढच्या पिढीत, म्हणजे २०२० साली मान्यता मिळालेल्या एक्स-थ्रीमध्ये, कंस हाताने सरकवण्याऐवजी छोटी मोटर तो सलग फिरवते, सेकंदाला साधारण दोन अंश, १३ किंवा १५ वॅटवर. पूर्ण वेढा तीन मिनिटांत. ३० अंशांचा कंस दोन अंशांच्या वेगाने सरकतो म्हणजे भिंतीवरचा कुठलाही बिंदू १५ सेकंद प्रकाशाखाली राहतो; १३ वॅटला १९५ ज्यूल, म्हणजे जुन्या कोष्टकातल्या १० वॅट २० सेकंदांच्या जवळपासच, पण कमी वेळात, कमी गळतीत. शिवाय दोन ठिपक्यांमधली फट हा प्रकारच उरला नाही. पायाच्या फुगलेल्या शिरांवर लेसर करणारे सर्जन हेच तत्त्व कधीपासून वापरतात: १० वॅट सुरू ठेवून फायबर सेकंदाला दोन मिलिमीटर मागे ओढला तर सेंटिमीटरला ५० ज्यूल, एक मिलिमीटर ओढला तर १००. तिथे डाग नियंत्रित करणारं बटण म्हणजे ओढणाऱ्याचा हात.

तेवढ्यात वारं फिरलं. डिसेंबर २०२३ पासून अमेरिकेत पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशनला मान्यता मिळू लागली. त्यात उष्णता जवळजवळ नाहीच. अत्यंत अल्पकाळाचे विजेचे झटके पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडतात, आणि हृदयाचा स्नायू त्याला अन्ननलिकेच्या आधी बळी पडतो. उष्णतेने भाजण्याच्या सगळ्याच पद्धती आता मागे सरकू लागल्यात, लेसर तर आधीपासूनच थोड्या ठिकाणी होता. पण या नव्या पद्धतीतही झटका किती खोल लागला, टोक भिंतीला नीट टेकलं होतं का, हे प्रश्न उभेच आहेत.

आता त्या बधिर पेशी. टेबलावर तपासलं तेव्हा शीर पूर्ण शांत होती, कारण मेलेल्या पेशींच्या जोडीला बधिर पेशीही गप्प होत्या आणि सूज आली होती. काही आठवड्यांत सूज उतरते, बधिर पेशी जाग्या होतात, बांधातलं बीळ उघडं पडतं. २०१२ साली छापलेल्या एका अभ्यासात लेसर बलूनचे रुग्ण सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा टेबलावर घेऊन तपासले. १८९ शिरांपैकी १६२ अजून बंद होत्या, म्हणजे ८६ टक्के. आकडा झकास वाटतो. पण चारही शिरा बंद राहिलेले रुग्ण ५२ पैकी ३२, म्हणजे ६२ टक्केच. ८६ टक्क्यांचा चार वेळा गुणाकार केला तर ५५ येतात, तेव्हा ६२ हे वाईटही नाही. एकेका शिरेचं यश आणि माणसाचं यश यांत एवढं अंतर पडतं.

म्हणूनच अ‍ॅब्लेशननंतरचे पहिले दोन-तीन महिने डॉक्टर निकालात धरत नाहीत. त्या काळात पुन्हा धडधडलं तरी ‘फसलं’ असा शिक्का मारत नाहीत, आणि शांत राहिलं तरी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू देत नाहीत. डाग किती खोल गेला होता, ते टेबलावरच्या पडद्यावर दिसलं नव्हतं. ते तेव्हा कुठे दिसायला लागतं.